कातर थांबली की...

प्रिय आई,

तुला पत्र लिहितेय! ऐकलंस तर पदर तोंडाला लावून हसशील. जिला अक्षरओळख नव्हती तिला, तेही ती गेल्यावर, पत्र लिहिण्याचं शहाणपण तुझ्याच लेकीला सुचणार! पण परवा घरी जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय राहवेना.

तुझी नात ओवी आता दुसरीत आहे. महिनाभर तिने वाचन सोडलं होतं. पुस्तक काढलं की पोट दुखायचं. वर्गात बाईंनी उभं केलं तरी तोंडातून शब्द नाही. मी काही कमी केलं नव्हतं हं! रोज शेजारी बसायचे, ती अडखळली रे अडखळली की शब्द सांगून टाकायचे. एकदा तिने पुस्तकच माझ्या मांडीवर ठेवलं. "तूच वाच. तुला सगळं येतं." मी रागावले, मग स्वयंपाकघरात जाऊन रडले.

आणि बुवापाड्यातली आपली खोली आठवली. तू कॅम्प तीनमधल्या कारखान्यातून जीन्सचे गठ्ठे शेअर रिक्षातून आणायचीस, एकेक पँट मांडीवर घेऊन लोंबणारे धागे कापायचीस. मी समोर बसून धडा वाचायचा. मी चुकले तरी तू बोलायची नाहीस. कातर थांबायची. नुसती थांबायची! मी मुकाट मागे जाऊन ओळ नीट वाचली की पुन्हा कच्‌कच् सुरू.

मला वाटायचं, तुला सगळी पुस्तकं पाठ आहेत. चौथीत प्रगतिपुस्तकावर सही करायची वेळ आली आणि तू बाईंना विचारलंस, "शाईचा प्याड हाय का?" किती लाज वाटली मला! घरापर्यंत तुझा हात धरला नाही. ते अजून टोचतं गं. त्या संध्याकाळी तुला फसवायला मी मुद्दाम अर्धं पान गाळलं. कातर थांबली.

"तुला काय कळतंय?" मी फणकारले.

"गोष्ट तुटली ना. म्हातारी आत्ता घरात हुती, लगेच बाजारात कशी?"

मी मागे गेले. गाळलेलं अर्धं पान वाचलं.

तर परवा ओवीला नवी जीन्स आणली. धागेच धागे! तुझ्या हाताखालून न गेलेली. तुझी कातर काढून बसले.

"आई, काय करतेस?"

"आजीचं काम. माझे हात अडकलेत, तू काहीतरी वाच ना."

कुरकुरत तिने पुस्तक उघडलं. दुसऱ्याच ओळीत अडली. जीभ कशी शिवशिवली म्हणून सांगू! पण मी कातर थांबवली आणि गप्प बसले.

ओवी ओरडली, "सांगू नको हां! येतंय मला."

आणि आलं गं! धागे संपले तरी धडा चालूच होता. मी हवेतच कातर चालवत राहिले.

एक मात्र राहिलं. शिकून नोकरीला लागले, पण तुला कधी पाटी घेऊन बसवलं नाही. तूही कधी म्हणाली नाहीस, का गं?

हे पत्र मुद्दाम सोप्या शब्दांत लिहिलंय. रविवारी ओवी ते तुझ्या फोटोसमोर मोठ्याने वाचेल. 'प्रगतिपुस्तका'पाशी नक्की अडेल. वचन देते, मी शब्द सांगणार नाही. कातर हातात धरून थांबेन. तूही थांब.

तुझी,
मंगल