हं म्हणायची कला

३ एप्रिल
सगळं जग घरात लोळतंय आणि माझं गाद्यांचं दुकान बंद. याला म्हणतात कपाळ. बायको हॉस्पिटलच्या लॅबमध्ये घशाचे नमुने तपासते. घरी संसर्ग नको म्हणून तिला तिथल्याच हॉस्टेलवर ठेवलंय. कधी सोडतील ते कुणालाच माहीत नाही. घरात मी आणि सासूबाई. चार दिवसांसाठी म्हणून आल्या आणि सगळं बंद झालं. मी मुळात शांत स्वभावाचा आहे, त्यामुळे निभेल.
संकल्प: व्यायाम. पथ्य. चिडायचं नाही.

४ एप्रिल
चिडलो. सासूबाई दार न वाजवता आत येतात. व्यायाम उद्या.

६ एप्रिल
फोनवर लेख वाचला. दूर असलेल्या जोडप्यांनी 'डिजिटल जवळीक' जपावी म्हणे. मला काय शिकवता! नवराबायकोंना गाद्यांवर आडवं करण्यात माझी हयात गेली. तरी दोनदा वाचला. भाषा बरी होती.
लगेच बायकोला मेसेज टाकला: 'आत्ता काय घातलंयस?' शेवटी बदाम.
संध्याकाळी उत्तर आलं: 'पीपीई किट. आत डायपर. का रे?'
पुढे काय लिहावं, हे लेखात नव्हतं.

९ एप्रिल, दुपार
व्हिडिओ कॉल. दाढी केली, शर्टाची वरची दोन बटणं उघडी ठेवली, पडदे ओढले. मी अर्धे डोळे मिटून तिच्याकडे पाहिलं आणि नेमकं तेव्हाच नेटवर्क अडकलं. बायको म्हणाली, दाढ दुखतेय का? तेवढ्यात तिच्या मागून तिची रूममेट डोकावली. बटणांकडे बघून म्हणाली, भावजींना ताप आहे का, गोळी घ्यायला सांग. इकडे सासूबाई आत. भरदिवसा अंधार कशाला, म्हणून त्यांनी पडदे उघडले आणि लेकीला खुशाली विचारली. मग मायलेकींचंच बोलणं चाललं. मी फोन धरून उभा, स्टँडसारखा.
बटणं लावली.

१२ एप्रिल
भांडण. मी म्हणालो, तुला माझी आठवणच येत नाही. ती म्हणाली, आठवण यायला माणूस शुद्धीवर लागतो. मी म्हणालो, मलाही काही गरजा आहेत, मी काय दगड आहे? ती म्हणाली, दगड बरा, तो मेसेज करत नाही.
व्हिडिओ पुन्हा नको म्हणाली. मास्कने गालांवर वळ उठलेत, ते मी बघू नयेत म्हणे. म्हणजे माझ्यासाठी सुंदर दिसायची ओढ अजून आहे. शुभलक्षण.

१५ एप्रिल
सासूबाईंचं कानातलं यंत्र नवीन, ब्लूटूथवालं, पण त्यांचा फोन जुना बटणांचा. मी ते यंत्र माझ्या फोनला जोडून दिलं. आता लेकीचा आवाज थेट कानात. सासूबाई म्हणाल्या, जावईबापू, तुम्हाला येतं की काहीतरी! हे त्या पहिल्यांदाच म्हणाल्या, म्हणून नोंद.

१८ एप्रिल, दुपार
जमलं!! लेखाचा दुसरा भाग आला होता: चेहरा नको, नुसता आवाज. तिला बोलू द्या, मधूनमधून हुंकार भरा. सासूबाई त्यांच्या खोलीत वामकुक्षीला गेल्या, तशी मी गॅलरीतून फोन लावला. तिला आधीच मेसेज केला होता, सुरुवातीला काही बोलू नकोस, फक्त ऐक. मी खालच्या पट्टीत खूप काही बोललो. इथे लिहीत नाही. मग म्हणालो, आता तुझ्या मनात काय आहे ते सांग.
पलीकडे पूर्ण शांतता. श्वाससुद्धा नाही. बिचारीचा गळा दाटला असणार. मी हं म्हणालो. मग आणखी हं. एकदा 'अर्थात', दोनदा 'तू म्हणशील तसं'. बराच वेळ अशी निःशब्द जवळीक. काय स्त्री आहे!
नंतर तिचा मेसेज: 'आज किती हलकं वाटलं. इतकं ऐकून घेतोस हे माहीतच नव्हतं.'
चहाच्या वेळी सासूबाईंचे डोळे लाल. झोप जास्त झाली असावी. माझ्या पाठीवरून उगाच हात फिरवला.

२१ एप्रिल
आरशात बघितलं. आवाजाप्रमाणे चेहराही भारदस्त होत चाललाय. इतरांसाठी मार्गदर्शन वर्ग काढावा का?

२४ एप्रिल
मार्गदर्शनाच्या तयारीसाठी एका डॉक्टरीणबाईंचा 'जोडप्यांसाठी' असलेला व्हिडिओ लावला. आवाजच येईना. आवाज पूर्ण वाढवला. सासूबाई स्वयंपाकघरातून कान धरून बाहेर आल्या. म्हणाल्या, जावईबापू, हळू करा, कान फुटतोय, आणि त्या बाई सांगतायत की कमरेखाली उशी घ्या.
फोन बंद केला. बसलो. मग १८ तारीख आठवली.
म्हणजे ती बोलत होती. इतका वेळ बोलत होती.
सासूबाईंना विचारायला दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेलो. पण काय विचारणार? दुसऱ्यांदा त्याच म्हणाल्या, काही हवंय का? म्हणालो, मीठ. बायकोला खरं सांगायचं ठरवलं. उद्या.

३० एप्रिल
सांगितलं नाही. ती रोज लिहिते, तुझ्या त्या शब्दावर दिवस काढतेय. कोणत्या शब्दावर? मी अंगठा पाठवतो.

१६ मे
बायको घरी आली! सुट्टी मिळाली, तपासणीही ठीक. नवी चादर घातली होती, अत्तर लावलं होतं. ती अंघोळ करून बाहेर आली. निम्मी झालीय. गालांवर खरंच वळ आहेत. माझ्यासमोर बसून म्हणाली, त्या दिवशी मी मागितलं ते तुला अजून कबूल आहे ना? नसेल तर तसं सांग, मी समजून घेईन.
खरं सांगायची हीच वेळ होती. मी म्हणालो, एकदा दिलेला शब्द मी फिरवत नाही.
ती माझा हात धरून ढसाढसा रडली. मग उशी उचलून आईच्या खोलीत गेली.
सासूबाईंना स्वयंपाकघरात गाठलं. हळू विचारलं, त्यांना ऐकू गेलं नाही. मोठ्याने विचारायची सोय नाही. शेवटी कानाशी जाऊन म्हणालो, आई, तिने काय मागितलं होतं?
त्यांनी गॅस बंद केला. म्हणाल्या, "म्हणत होती, रोज माणसं जाताना बघतेय. अंगाला कुणाचा हात लागला तरी दचकते. घरी आले की काही महिने आईजवळ झोपेन, तू जवळ येऊ नकोस, पण रागावूही नकोस. मग म्हणाली, 'तू म्हणशील तसं' म्हणालास, सुटले रे." मग म्हणाल्या, "मला वाटलं, पोरीने नशीब काढलं. तुम्हाला ऐकूच आलं नव्हतं, होय ना?"
मी मान हलवली.
तिला सांगू नका, म्हणाल्या. आता निभवा.
दुपारी त्यांच्या खोलीशी गेलो. बायको भिंतीकडे तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन झोपली होती. मी उंबऱ्यावर उभा. तिला चाहूल लागली असावी. डोळे न उघडता म्हणाली, दार लाव ना.
आतून की बाहेरून, विचारायची हिंमत झाली नाही. बाहेरून लावलं.