फेनश्री: तोंड धुण्याची जेली

४ एप्रिल १९५४, रविवार
आजपासून ही वही संशोधनाची. घरखर्च यात लिहायचा नाही.
विषय: तोंड धुण्याची फेसाळ जेली. वडी नाही, पावडर नाही, जेली. बोटभर घेतली की ओंजळभर फेस. डोंबिवलीत हे आजवर कुणाला सुचलं नाही, कारण आमच्या चाळीत इंटर सायन्सपर्यंत पोचलेला (दोनदा) मी एकटाच.
निमित्त सरोजचं. धाकटी बहीण, वय तेवीस. तीन स्थळांनी सावळी म्हणून नकार दिला. चौथे ठाण्याचे केळुसकर २ मेला पाहायला येताहेत. मुलगा सर्व्हे खात्यात. पत्रिका जुळली, अठ्ठावीस गुण. राहिला रंग. तो प्रश्न निव्वळ केमिस्ट्रीचा आहे.

६ एप्रिल, संध्याकाळी
ऑफिसातून येताना कळव्याला उतरलो. परशुराम तिथे एका साबणाच्या कारखान्यात वीस वर्षं कढईवर आहे. त्याने कॉस्टिक पोटॅश दिलं आणि वर उपदेश फुकट. खोबरेल मापात घाला, भांडं लोखंडी घ्या, महिनाभर मुरू द्या, आधी जिभेच्या टोकाला लावून बघा, चावलं तर माल कच्चा.
जिभेला लावून संशोधन. म्हणूनच तो वीस वर्षं कढईवर आहे.

११ एप्रिल, रविवार
यश.
लोखंडी कढई गंजकी, म्हणून हिचं नवं जर्मनचं पातेलं घेतलं. पोटॅशचं पाणी ओतलं मात्र, फेसच फेस. ढवळलंसुद्धा नव्हतं. झाकण ठेवलं तर ते आपोआप खडखडायला लागलं. ही दारात येऊन म्हणाली, आत कुणी आहे का. बायकांना फेस समजत नाही.
मग खोबरेल घालून शिजवलं. पोटॅश मापापेक्षा थोडं जास्तच. औषध कडक असलेलं बरं.
वासाने डोळ्यांत पाणी येतं. त्यावर केवडा घालू.

१३ एप्रिल
पातेलं हलकं लागतं, अशी हिची तक्रार. वापरून वजन कमी होत असतं तर हिचंही झालं असतं. हे बोललो नाही.

१४ एप्रिल
रंग उजळावा म्हणून जेलीत हळद घातली. घालताक्षणी लालभडक. हळदीचं कुंकू झालं. मुलीच्या लग्नाच्या खटपटीत याहून मोठा शकुन कुठला? हिने पातेल्याला हात जोडले. नाव तिथेच ठरलं: फेनश्री.
हळद लाल होण्याबद्दल इंटरला काहीतरी शिकवलं होतं. परीक्षेला आलं नाही, त्यामुळे आठवत नाही.

१८ एप्रिल, रविवार
बाटली सरोजला दिली. सकाळ-संध्याकाळ लावायची, पंधरा दिवस. तिने विचारलं, दादा, तू लावून पाहिलीस का. समजावून सांगितलं की संशोधकाने स्वतःवर प्रयोग केला तर निरीक्षण निष्पक्ष राहत नाही. बाटली घेऊन आत गेली. पटलं असावं.

२२ एप्रिल
सरोजचं तोंड स्पष्ट उजळलंय. रोज विचारतो, लावलीस? हो म्हणते.
इतक्या उकाड्यात लांब बाह्यांचं पोलकं घालते आहे. नवी फॅशन असावी.

२५ एप्रिल, रविवार
भांडीवाली शेवंती पातेल्याला चिकटलेली जेली हाताने खरवडत होती. तिच्या बोटांची सालं निघाली. जुनं कातडं गेल्याशिवाय नवं कसं येणार? हे तिला पटलं नाही.
पातेल्याच्या तळाला भोक. उजेडाकडे धरलं तर आणखी चार बारीक दिसतात. बाजारात हल्ली मालच वाईट येतो.

२९ एप्रिल
परशुरामला नमुना दाखवायला गेलो. त्याने बाटली उजेडात धरली, आत हळद आहे का विचारलं. हो म्हटल्यावर ती हलकेच खाली ठेवली आणि हात धोतराला पुसले.
"पोटॅश मोकळं राहिलं की हळद लाल होते, साहेब. हे कुणाच्या तोंडाला लावू नका."
फेससुद्धा साबणाचा नव्हता म्हणे. जर्मनचं पातेलं म्हणजे अॅल्युमिनियम; पोटॅश त्याला खातं, त्याचा तो फेस.
मत्सर. धंद्यात चालायचाच. सरोज अकरा दिवस लावतेय, तिला काही झालं? मग?

२ मे, रविवार, सकाळी ८
केळुसकर चारला येणार. मुलीचा भाऊ म्हणून माझंही तोंड चार लोकांत उठून दिसलं पाहिजे. आज प्रथमच स्वतः लावतो. दोन मिनिटं ठेवणार.

८.१०
चुरचुरतंय. म्हणजे काम करतंय.

३ मे
एक डोळा बांधलेला. अक्षर वाकडं येईल.
काल तासभर सरोज माझ्या तोंडावर पाणी ओतत होती. ओततानाच तिने सांगितलं. तोंडाला तिने कधी लावलीच नाही. पहिल्या दिवशी मनगटाच्या वर थोडी लावून पाहिली, फोड आला, आता तिथे पांढरा डाग आहे. उजळपणा डाळीच्या पिठाचा. जेली रोज थोडी मोरीत ओतत होती. "तू इतका खूश होतास, दादा."
डॉक्टर मलम लावून गेले. चार वाजता मला मागच्या खोलीत ठेवून पाहुण्यांना फिरतीवर गेलाय म्हणून सांगितलं. मी दाराला कान लावून होतो. पोह्यांची बशी देताना बाही वर सरकली असावी. मुलाच्या आईने विचारलं, हा पांढरा डाग कसला? कोड हा शब्द कुणी उच्चारला नाही. पण बशांतले चमचे एकदम थांबले.
"चहा सांडला होता," सरोज म्हणाली. "मीच धांदरट."
घरात आणखी कुणाला असं काही आहे का, असं मग त्या बाईंनी हिला विचारलं.
डाग कशाचा, याचा पुरावा माझ्या तोंडावर होता. बाहेर आलो असतो तर सगळं एका नजरेत कळलं असतं. माझा हात कडीवर होता. असलं सुजलेलं तोंड घेऊन पाहुण्यांसमोर जाणं बरं दिसत नाही, असं मी स्वतःला सांगितलं आणि हात काढून घेतला.
कळवतो म्हणाले.

७ मे
कार्ड आलं. पत्रिका जुळत नाही.
शेवंती सांगत होती, सरोज जेली ओतत होती ते पंधरा दिवस मोरी एकदाही तुंबली नाही. "मना पन येक बाटली द्या." होत्या त्या पाचही दिल्या.
सरोज आज आखूड बाह्यांचं पोलकं घालून नळावर गेली. हिने हटकलं, तर म्हणाली, आता झाकायचं कुणापासून.