माहेरची साखर

मोहोपाडा, मंगळवार संध्याकाळ

ग्लुकोजचं पाणी प्यायचं, दोन तासांनी रक्त द्यायचं. गरोदरपणात साखर वाढली आहे का, एवढंच बघायचं असतं. डॉक्टरीणबाईंनी उद्या बोलावलं आहे.

चहाच्या वेळी घरात सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "आमच्यात कुणाला साखर नाय. तू माहेरून आणली असशील तर सांग गं." नवरा हसला. हसण्यासारखं काय होतं?

मी म्हटलं, "माझ्या आईला आहे."

"मग लग्नाआधी का नाय बोललात?"

गळ्यात मारलेल्या खोट्या मालाकडे बघावं तसं सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. बाळाबद्दल अवाक्षर नाही. नवरा म्हणे, रविवारी डोहाळजेवण आहे, पेढे सांगितलेत, ते होऊ दे, मग बघू. म्हणजे माझ्या रक्तात काय आहे ते पेढे वाटून झाल्यावर कळलेलं बरं. आणि तो हसला होता. ते डोक्यातून जात नाही.

भीती मलाही वाटते. साखर निघाली तर या घरात रोज ऐकावं लागेल. पण न बघितल्याने ती कमी होणार आहे का? माझ्या पोटात मूल आहे, ह्यांची अब्रू नव्हे.

सकाळची रिक्षा सांगून ठेवली आहे. नवऱ्याला सांगितलेलं नाही.