मागच्या दाराचं हँडल

बुऱ्हाणपूर

आबा, नमस्कार.

तुमची जुनी फियाट पुन्हा उभी राहिली. पत्रा, रंग, बंपर, सगळं झालं. दादाकडे राहायला गेल्यापासून तुम्ही फोनवर एकच सांगता, "मागच्या दाराला आतून हँडल लावू नको, होतं तसं राहू दे." तरी मी लावलं.

आम्ही लहानपणी चालत्या गाडीत दार उघडू म्हणून तुम्ही ते काढलं होतं. आम्ही मोठे झालो, ते पान्यांच्या पेटीतच राहिलं. बाजारात पोचलं की तुम्ही उतरून गप्पा मारायचात आणि आई तुम्ही दार उघडेपर्यंत आत बसून राहायची.

लोधीपुऱ्यातला शकूर मिस्त्री म्हणाला, "रहने दो दीदी, बाहर से तो खुलता है." मी म्हटलं, "आतूनच उघडायला पाहिजे." जुनी पिन झिजली होती, नवी ठोकून घेतली. हँडलवर सगळा जोर लावून पाहिला, निखळलं नाही.

काल आईला मागे बसवलं. गाडी थांबली तरी ती सवयीने बसूनच राहिली. मग तिने हँडल ओढलं, उतरली, परत आत जाऊन बसली. आणि पुन्हा उतरली.

हे पत्र पोस्टात टाकणार नाही, आई स्वतः उतरेल तेव्हा तुम्हाला कळेलच. शाहपूरच्या लग्नाला आम्ही दोघी गाडीनेच येतोय. तिथे दार उघडायला पुढे येऊ नका.

तुमची,
निशा