दार अरुंद झाले आहे, राखणदार जाड झालेला नाही

प्रति,
मा. उपअधीक्षक,
जुन्या वास्तूंची देखभाल शाखा.

विषय : शिखरावरील चॅपेलच्या दाराची फेरमोजणी करून अर्जदाराची राखणदारी कायम ठेवणेबाबत.
संदर्भ : आपला गेल्या मंगळवारचा पाहणी अहवाल.

महोदय,

अर्जदार हा सदर चॅपेलचा चौथ्या पिढीतला राखणदार. आपल्या अहवालात "दार सुस्थितीत, राखणदार प्रमाणाबाहेर" असा शेरा आला आहे. त्याच्या आधारे देखभाल समिती येत्या रविवारी अर्जदाराकडची किल्ली काढून त्याच्या मेहुण्याला देणार आहे. मेहुणा सुतळीसारखा बारीक आहे, एवढीच त्याची पात्रता. तरी पुढील बाबी सविनय सादर.

१. एकशे एकतीस वर्षांपूर्वी शेळ्या राखणारी एक बाई या डोंगरावर धुक्यात तीन दिवस वाट चुकली. जीव वाचला म्हणून तिने शिखरावर चार भिंती उभ्या केल्या आणि पुढच्यांना धुक्यातही दिसाव्यात म्हणून चुना लावला. तेव्हापासून यात्रेआधी चुन्याचा एक हात द्यायचा नेम आहे. तो मान दर वर्षी एका घराचा असे.

२. चाळीस वर्षांपूर्वी या मानावरून अकरा घरांत जुंपली. रोजची कटकट नको म्हणून समितीने तोडगा काढला : दर वर्षी अकराही घरांनी एकेक हात द्यावा, आतून-बाहेरून, चौकटीसकट. जुना हात खरवडणे म्हणजे त्या घराचा अपमान. परिणामी पावणेतीन फुटांचे दार आज पावणेदोन फुटांवर आले आहे. घंटेलाही मुलामा बसून ती हलते, पण वाजत नाही.

३. अर्जदाराने खरवडण्याची परवानगी मागितली. शिंपीदादा उसळले, "आमचा हात सगळ्यात वरचा, म्हणून आमच्यावरच संक्रांत का?" त्यावर सर्वांत आतला हात आधी काढावा, असा ठराव एकमताने मंजूर झाला. तो कसा काढावा, असे विचारले असता, "राखणदार तुम्ही आहात ना?" असे उत्तर मिळाले.

४. अर्जदाराची पत्नी म्हणते, "दाराला कशाला नावं ठेवता? दुसऱ्यांदा वाढून घेणं सोडा." ती मेहुण्याची सख्खी बहीण आहे, हे ध्यानात घ्यावे. अर्जदाराची कंबर वीस वर्षांत एक बोटही वाढलेली नाही. दोन महिने तो आतला दिवा खिडकीतून काठीने लावतो आहे. पणजोबांपासून एक संध्याकाळ चुकलेली नाही. ती आपल्या हातून चुकेल या विचाराने त्याला अक्षरशः रडू येते.

५. पाहणीच्या दिवशी आपण दाराचे निरीक्षण दारातच राहून, दुपारी बारा ते साडेतीन, अत्यंत बारकाईने केलेत. बाहेरून सात यात्रेकरूंनी आपल्याला ओढले, आतून मेहुण्याने ढकलले. मोठ्या माणसाची अब्रू झाकली मूठ राहावी म्हणून अर्जदाराने याविषयी कुठे चकार शब्द काढलेला नाही. पुढेही काढू नये, अशीच त्याची मनापासून इच्छा आहे.

तरी रविवारपूर्वी फेरमोजणी करून शेऱ्यातले "सुस्थितीत" आणि "प्रमाणाबाहेर" हे शब्द एकमेकांच्या जागी लिहावेत, ही विनंती.

आपला नम्र व उंबऱ्याबाहेर तिष्ठणारा,
राखणदार (सही)
दिनांक : यात्रेआधीचा बुधवार

सोबत :
१) कंबरेच्या मापाचा शिंपीदादांचा दाखला.
२) समितीच्या ठरावाची प्रत.
३) डाव्या चौकटीत सापडलेली आपल्या कोटाची बटणे, नग तीन. चौथे खरवडल्याशिवाय निघत नाही.