फॉर्म थ्रीला इतिहासाची गोडी लावताना

१४ मार्च १९७७
शाळेच्या रेक्टरसाहेबांनी ऑफिसात बोलावलं. जानेवारीपासून शिक्षण फुकट झालं, मुलांनी वर्ग भरले, पण इतिहासाला कोणी नाही, असं म्हणाले. ऑक्टोबरात फॉर्म थ्रीची मुलं पुढचे विषय निवडतील. निदान पंधरा जणांनी इतिहास घेतला नाही, तर फॉर्म फोरला इतिहास बंद आणि त्याजागी कॉमर्स. मी म्हटलं, काळजी करू नका. ते काळजीत दिसले नाहीत. बहुतेक माझ्यावर विश्वास असावा.
त्या वर्गात आमची मुलगी इंद्राणी आहे. म्हणजे चौदाच हवेत.
आजपासून ही रोजनिशी. मराठीत, म्हणजे बैठकेत, आमच्या संध्याकाळच्या शाळेत, शिकलेली अक्षरं गंजणार नाहीत. शिवाय घरात दुसरं कोणी वाचू शकत नाही. बायको बसंती बोलते, इंद्राणीला समजतं, तेवढंच.

१६ मार्च
संकल्प: नोट्स डिक्टेट करणं बंद. प्रश्न विचारून शिकवायचं. मुलांना विचार करायला लावायचं.
विचारलं, डच लोक हे बेट सोडून का गेले? कोणी बोललं नाही. मुलं विचार करत होती, चेहऱ्यावर दिसत होतं. वेळ जायला नको म्हणून उत्तर मीच सांगितलं. मग वह्या उघड्याच होत्या, तेव्हा नोट्स दिल्या.
सुरुवात चांगली.

१८ मार्च, दुपार
जेवणानंतरच्या तासाला मागची दोन बाकं झोपली. उकाडा. टाइमटेबल करणाऱ्याची चूक. माझा या झोपेशी संबंध नाही, कारण मी तेव्हा सबंध वेळ बोलत होतो.

२५ एप्रिल
चार्ट तयार. पंधराशे अठ्ठ्याण्णवपासून स्वातंत्र्यापर्यंत सगळी सनावळी, तांबड्या आणि निळ्या शाईत. ईस्टरची सुट्टी त्यातच गेली. जमिनीवर वाकून पाठ धरली आहे. बसंती म्हणाली, भिंतीपेक्षा मोठा झालाय. मी म्हटलं, इतिहासच मोठा आहे, मी काय करू.

२६ एप्रिल
चार्ट लावला. वर्षातला पहिला प्रश्न आला. हरिलाल उभा राहिला. हा पेती राफ्रेहून सायकलने येतो आणि बहुतेक उशिरा येतो. त्याने विचारलं, चार्टमागची खिडकी उघडता येईल का.
तरी प्रश्न तो प्रश्नच. कोंडी फुटली म्हणायला हरकत नाही.

२३ मे
नवी कल्पना: नाटक. अठराशे दहाची ग्रां पोरची लढाई. फ्रेंच जिंकतात, इंग्रज हरतात. संवाद मीच लिहिले, म्हणजे तपशील चुकणार नाहीत. फ्रेंच सेनापतीचं भाषण साडेतीन पानं झालं.
इंग्रज व्हायला कोणी तयार नाही. शेवटी मुलींना इंग्रज केलं. इंद्राणी घरी माझ्याशी बोलत नाही.

२७ मे
तालमीत हरिलालने विचारलं, लढाई फ्रेंच जिंकले, तर आपली परीक्षा इंग्रजीत कशी, आणि आपण घरी बोलतो ते तिसरंच कसं. सगळा वर्ग त्याच्याकडे वळला. तीन-चार जण एकदम बोलायला लागले. मी लगेच शांतता केली. हे सिलॅबसमध्ये नाही म्हणून सांगितलं. अशी भरकटायची सवय लागली की संपलं.
नाटक रद्द. सेनापतीला भाषण पाठ होत नाही.

२९ जून
माएबूर्गची सहल. इथून बेटाचं दुसरं टोक, पण ग्रां पोरची लढाई तिथल्याच समुद्रात झाली. तीन मुलांना बस लागली. म्युझियमसमोर उभं राहून सबंध लढाई समजावली. वारा समुद्राकडून होता, त्यामुळे माझा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचला नसावा. भाषण संपवून वळलो तर मागची रांग नव्हती. सगळी किनाऱ्यावर एका कोळ्याभोवती बसून त्याला काही विचारत होती. कोळी हातवारे करून सांगत होता. मुलांना हाक मारून बसमध्ये बसवलं.
हरिलालने मासे विकत घेतले. परत येताना बसमध्ये कोणी जेवलं नाही.

१ जुलै
सहलीवरचे निबंध तपासले. बहुतेक सगळे कोळ्यावर. त्याचा आजा काय करत होता, जाळं पूर्वी कशाचं विणत, हॉटेलं आल्यापासून काय बदललं. लढाईवर एक निबंध आहे, तो इंद्राणीचा. दोन ओळींचा.
घसा बसलाय. माएबूर्गचा वारा.

४ जुलै
ताप. डॉक्टरने आठवडाभर पडून राहायला सांगितलं. माझे तास मिस देवकींकडे. नवी मुलगी, खालच्या वर्गांना इंग्रजी शिकवते. इतिहासाची माहिती बेताची. त्यांच्यासाठी चार पानं सूचना लिहून इंद्राणीबरोबर पाठवल्या. पहिली सूचना: वर्गावर पकड हवी.

६ जुलै
स्वयंपाकघरातला जुना कोयता दिसत नाही. बसंती म्हणाली, इंद्राणी शाळेत घेऊन गेली. मिसनी घरातली सगळ्यात जुनी वस्तू आणायला सांगितलं आहे. कोयता माझ्या वडिलांचा, उसाचा. कोणीतरी पितळी तांब्या आणला, हरिलालने सायकलच्या कॅरियरला बांधून आजीचं जातं आणलं.
या वयात शिक्षकाला जातं आणि इतिहास यातला फरक कळत नाही. भेटल्यावर समजावून सांगेन. मृदू शब्दांत.

८ जुलै
इंद्राणी उशिरा आली. बेल झाल्यावरही वर्ग उठला नाही म्हणाली. वाद चालला होता. मी विचारलं, पकड सुटली का. तिला प्रश्न कळला नाही.
मग तिने बसंतीला विचारलं, आजा कोयत्यावर किती तास काम करत होता. बसंती म्हणाली, बाबांना विचार. तेवढ्यात मला खोकला आला. चहा घेऊन परत पडलो.

११ जुलै
कामावर हजर. वर्गात शिरताच मुलांनी विचारलं, मिस आता येणार नाहीत का. माझ्या तब्येतीची काळजी. बरं वाटलं.
मिस देवकींना स्टाफरूममध्ये सूचनांबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, फार उपयोग झाला, सर. गुणी मुलगी आहे. शाळा सुटल्यावर व्हरांड्यात कसला तरी क्लब चालवायला परवानगी मागितली आहे म्हणे. इंग्रजीचा असेल.

१९ सप्टेंबर
थकलो. चार्टचा खालचा कोपरा फाटला आहे, चिकटवायचा आहे. इंद्राणी रोज क्लबला थांबते. तिचं इंग्रजी सुधारेल.

१७ ऑक्टोबर
एकतीस. एकतीस मुलांनी इतिहास घेतला. रेक्टरसाहेबांनी स्वतः सांगितलं. हरिलालनेसुद्धा घेतला. मार्चपासूनचे कष्ट. चार्ट, नाटक, सहल, यातलं काहीच वाया गेलं नाही. परिणाम उशिरा दिसतो एवढंच.
दुकानातून गरम गाटो पिमां, डाळीचे तिखट वडे, घेऊन स्टाफरूममध्ये वाटले. बसंतीला सांगितलं. ती म्हणाली, बरं झालं, आता पाठीला तेल लावून घ्या.

१८ ऑक्टोबर
रेक्टरसाहेबांनी पुन्हा बोलावलं. दार लावून घेतलं. म्हणाले, चंद्रमोहन, तुम्ही सीनियर आहात, समजून घ्याल. मुलं मिस देवकींच्या नावावर आली आहेत. तो क्लब इतिहासाचाच होता. फॉर्म फोर त्यांच्याकडे द्यावा लागेल. मला फॉर्म वन आणि लायब्ररी.
समजून घेतलं. पाया मीच घातला होता, हे त्यांनाही माहीत असणार. बोलून दाखवलं नाही.
काल गाटो पिमां सगळ्यांनी खाल्ले होते. कोणी काही बोललं नव्हतं.

२० ऑक्टोबर
इंद्राणीला विचारलं, मिसमध्ये एवढं काय आहे. बराच वेळ क्रेओलमध्ये काहीतरी पुटपुटली. मग मराठीत म्हणाली, ती आमचं आयकते, बाबा.
मी म्हटलं, मीही ऐकतो. ती आईला मदत करायला आत गेली.

१६ जानेवारी १९७८
रेक्टरसाहेबांकडे प्रस्ताव ठेवला. मिस देवकी अनुभवाने लहान आहेत. मोकळ्या तासाला फॉर्म फोरमध्ये बसून मार्गदर्शन करायला मी तयार आहे. ते कपाळ चोळत म्हणाले, मिसची हरकत नसेल तर बसा. मिसची हरकत नव्हती.

१७ जानेवारी
शेवटच्या बाकावर बसलो. बाक अरुंद आहे, गुडघे आत मावत नाहीत. हे पूर्वी लक्षात आलं नव्हतं.
मिस देवकींनी विचारलं, तुमच्या घरात ऊस सोडून दुसऱ्या कामाला पहिलं कोण गेलं, आणि कसं गेलं. हरिलालने मामाचं सांगितलं, बस कंडक्टर. मग इंद्राणी उभी राहिली. म्हणाली, माझे बाबा. मिसनी विचारलं, कसे. ती म्हणाली, ठाऊक नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही.
सगळा वर्ग मागे वळला. मिसही माझ्याकडे पाहत राहिल्या. मी उभा राहिलो. वडिलांनी मला शेताऐवजी शाळेत पाठवलं, त्या दिवशी मुकादम दारात येऊन काय बोलला, आणि वडील कोयता हातात धरून कसे गप्प उभे राहिले, हे मला नीट आठवत होतं. पण ते कोणत्या साली, हे आठवेना. साल आठवेपर्यंत बेल झाली.
घरी चहा झाल्यावर इंद्राणीला हाक मारली. समोर बसवलं. आज सांगतो म्हटलं, आणि पार्श्वभूमीपासून सुरुवात केली. आपले लोक या बेटावर कधी आले, कोणत्या बंदरातून, कोणत्या करारावर. तिने थोडा वेळ ऐकलं. मग विचारलं, बाकीचं नंतर चालेल का, गृहपाठ राहिलाय.
कोणत्या विषयाचा, म्हणून विचारलं.
इतिहासाचा, म्हणाली.