नाक वर केलं की बंद

रविवार, संध्याकाळ. मिरजगाव.

सापडलं एकदाचं! आणि मलाच सापडलं.

माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या, रिमोटवर उडणाऱ्या छोट्या विमानाचं इंधनावरचं ग्लो इंजिन जमिनीवर छान चालायचं, पण नाक वर धरलं की आवाज चढायचा आणि फटकन बंद. मागच्या खेपेला हवेत तसंच झालं आणि विमान तुरीत पडलं. तेव्हापासून अण्णांचा एकच हट्ट, "सुईच बिघडलीय, दुसरं काय न्हाई." रोज ती इंधन कमी-जास्त करायची सुई फिरवणं चालू.

मला मात्र ते बुडबुडे खटकत होते. इंधनाच्या पाइपात बारीक बुडबुडे. सुई कितीही उघडली तरी बुडबुडे तसेच. म्हणजे कुठूनतरी हवा शिरतेय, मग सुई काय करणार? आज टाकीच उघडली. आतली रबरी नळी पुढच्या टोकाला चिरलेली! नाक वर केलं की ती चीर इंधनाच्या वर येऊन हवा ओढणारच. नवी घातली, सुई नव्याने जुळवली, नाक आभाळाकडे धरलं. इंजिन एका लयीत चालत राहिलं.

"झालं का नीट?" अण्णांनी विचारलं.

इंजिन समोर ओरडतंय आणि हे मला विचारतात? मी ते बंद केलं.

"बारीक आवाज कळंना गं आता," ते म्हणाले. "अंदाजानंच फिरवत हुतो. इथून पुढं तूच उडव."

नुसत्या कानाने इंजिन जुळवणारा माणूस. किती जड गेलं असेल हे बोलणं.

"डोळे धड आहेत ना? मग तुम्हीच उडवायचं. आवाज मी शेजारून सांगेन."

"बघू," म्हणाले. पण जेवायच्या आधीच रिमोट चार्जिंगला लावला.